'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' यात काय चुकलं? इंग्रजी वाक्याच्या पोटातले प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी उदाहरणं इथे देवनागरीत दिली आहेत. ती नुसती चाळू नका, एकेक वाक्य मोठ्यानं म्हणा. नियम दोन मिनिटांत कळतो. तोंडात बसायला मात्र वेळ लागतो.

पोटातला प्रश्न म्हणजे नेमकं काय?

'व्हेअर डझ ही लिव्ह?' हा सुटा प्रश्न. तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याचा भाग झाला की 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज' असं वाक्य होतं. मराठी व्याकरणात गौण वाक्याला पोटवाक्य म्हणतात, त्याच चालीवर आम्ही याला पोटातला प्रश्न म्हणतो. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत एम्बेडेड क्वेश्चन किंवा इनडायरेक्ट क्वेश्चन या नावाखाली शोधा.

शाळेत हा विषय 'डायरेक्ट-इनडायरेक्ट'च्या धड्यात येतो आणि तिथेच संपतो. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की हा नियम फक्त 'ही आस्क्ड मी' नंतर लागतो. तसं नाही. 'कुड यू टेल मी', 'आय वंडर', 'आय फरगॉट', 'लेट मी चेक', 'आय ॲम नॉट शुअर', 'इट डिपेंड्स ऑन' या सगळ्यांच्या पुढे येणाऱ्या प्रश्नाला हाच नियम आहे. रोजच्या बोलण्यात चुका होतात त्याही याच जागी, 'ही आस्क्ड मी'च्या पुढे नाही.

नियम थोडक्यात सांगता येईल का?

प्रश्नशब्दानंतर आधी कर्ता, मग क्रियापद. म्हणजे साध्या विधानात असतो तोच क्रम.

व्हेअर इज द स्टेशन? → डू यू नो व्हेअर द स्टेशन इज?
व्हेन विल द ट्रेन लीव्ह? → आय डोन्ट नो व्हेन द ट्रेन विल लीव्ह.
व्हाय आर दे लाफिंग? → आय वंडर व्हाय दे आर लाफिंग.
हाउ लाँग हॅव यू बीन वेटिंग? → टेल मी हाउ लाँग यू हॅव बीन वेटिंग.
व्हॉट डिड शी बाय? → आय फरगॉट व्हॉट शी बॉट.

चौथ्या उदाहरणात 'हॅव' आणि 'बीन' अशी दोन सहायक क्रियापदं आहेत. सुट्या प्रश्नात कर्त्याच्या पुढे उडी मारतं ते फक्त पहिलं, म्हणून परत आणायचं तेही पहिलंच. 'बीन' आपल्या जागेवरून हललेलंच नव्हतं. कर्मणी प्रयोगातही तसंच: 'व्हेन वॉज द ब्रिज बिल्ट?' चं 'व्हेन द ब्रिज वॉज बिल्ट'.

मराठी बोलणाऱ्यांकडून ही चूक इतकी का होते?

कारण मराठीत प्रश्न पोटात गेला तरी त्याचा शब्दक्रम बदलत नाही. 'तो कुठे राहतो?' हा सुटा प्रश्न आणि 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही' यातला पोटातला प्रश्न शब्दाला शब्द सारखेच आहेत. फरक पडतो तो मागून जोडलेल्या 'ते'चा. आपण इंग्रजीत आधी 'व्हेअर डझ ही लिव्ह' घोकून पाठ करतो आणि पुढे मराठीच्या सवयीनं तो ठोकळा जसाच्या तसा 'आय डोन्ट नो'च्या मागे नेऊन ठेवतो. 'आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह' तयार होतं ते असं. यात निष्काळजीपणा नाही. मराठीचा नियम इंग्रजीत इमानेइतबारे पाळला जातो, एवढंच.

पण औषधही मराठीतच आहे. तुमच्या मनातल्या मराठी वाक्यात त्या प्रश्नानंतर 'ते', 'हे', 'याची', 'यावर' किंवा 'असं' येत असेल, तर तो प्रश्न पोटात गेलेला आहे. 'गाडी कधी सुटते ते सांगा', 'त्यानं नोकरी का सोडली हे कुणालाच कळलं नाही', 'किती लोक येणार यावर अवलंबून आहे'. असा शब्द आला की इंग्रजीत क्रम सरळ ठेवायचा. 'गाडी कधी सुटते?' एवढंच असेल, तर क्रम उलटा.

डू, डझ, डिड यांचं काय करायचं?

काढून टाकायचे. मात्र ते नुसते पुसून भागत नाही, कारण त्यांनी मुख्य क्रियापदाकडून काहीतरी उसनं घेतलेलं असतं. 'डझ ही लिव्ह' मध्ये तृतीयपुरुषी एकवचनाचा शेवटचा ध्वनी 'डझ'ला लागला आहे. 'डझ' गेला की तो 'लिव्ह'कडे परत यायला हवा, म्हणून 'ही लिव्हज'. 'डिड शी गो' मध्ये भूतकाळ 'डिड'कडे आहे. 'डिड' गेला की 'गो'चं 'वेंट' करावं लागतं.

इथे दोन प्रकारे घसरायला होतं. एक, 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह': डझ काढला, पण उसनं परत केलं नाही. दोन, 'आय डोन्ट नो व्हेअर ही डझ लिव्ह': कर्ता पुढे आणला, पण डझ तसाच राहिला. दुसरी चूक नियम नुकताच शिकलेल्यांची. क्रम बदलायचा हे त्यांना ठाऊक असतं, पण बदलायचा म्हणजे फक्त दोन शब्दांची अदलाबदल, असं त्यांनी धरलेलं असतं.

जाता जाता: प्रश्नात 'डू' घालण्याची सक्ती इंग्रजीत फार जुनी नाही. सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत मुख्य क्रियापदच कर्त्याच्या पुढे नेऊनही प्रश्न विचारत असत. 'व्हॉट से यू?' हा तुकडा अजून कधीमधी ऐकू येतो तो त्यामुळेच.

'डू काढा' हा नियम पाळला तरी 'आय नो व्हाय ही नॉट केम' चूक का?

कारण नकार आला की 'डू' राहतो. साध्या विधानातही आपण 'ही नॉट केम' म्हणत नाही, 'ही डिडन्ट कम' म्हणतो. पोटातल्या प्रश्नाला विधानाचा क्रम हवा, तेव्हा 'आय नो व्हाय ही डिडन्ट कम'.

व्हाय डिडन्ट ही कम? → व्हाय ही डिडन्ट कम
व्हाय डझन्ट शी ईट मीट? → व्हाय शी डझन्ट ईट मीट
व्हाय डोन्ट दे आन्सर द फोन? → व्हाय दे डोन्ट आन्सर द फोन

'डू काढा' हा नियम म्हणून शिकवणं आम्हाला या कारणानं पटत नाही. त्यापेक्षा एवढं विचारा: हे साधं विधान असतं तर मी कसं म्हटलं असतं? 'ही डिडन्ट कम.' मग त्याच्यापुढे 'व्हाय' ठेवा. हा प्रश्न होकारी वाक्याला, नकारी वाक्याला, सगळ्यांना पुरतो.

'इज', 'आर', 'वॉज' शेवटी गेले की वाक्य अर्धवट वाटतं. ते बरोबर आहे का?

बरोबर आहे. 'डू यू नो व्हेअर द टिकेट काउंटर इज?' हे पूर्ण वाक्य आहे. कर्ता लांबलचक असला की 'इज' फार दूर जातो आणि तिथेच गडबड होते. 'कॅन यू टेल मी व्हेअर द ऑफिस ऑफ द डेप्युटी कलेक्टर इज?' हे वाक्य बोलताना 'इज' अर्ध्या वाटेवर तोंडातून निसटतो. असं होत असेल तर कर्ता आखूड करा किंवा वाक्य फिरवा: 'आय ॲम लुकिंग फॉर द डेप्युटी कलेक्टर्स ऑफिस'.

शेवटी आलेल्या 'इज'चा संक्षेप होत नाही, हेही लक्षात असू द्या. 'इट इज'चं 'इट्स' होतं, पण 'आय डोन्ट नो व्हेअर इट्स' असं वाक्य इंग्रजीत नाही. 'आय डोन्ट नो व्हेअर इट इज' असंच म्हणावं लागतं. 'व्हॉट टाइम इट इज', 'हू ही इज', 'हाउ ओल्ड दे आर' इथेही पूर्ण रूपच. 'इज'च्या पुढे 'गोइंग'सारखं मुख्य क्रियापद असेल तर संक्षेप चालतो: 'आय डोन्ट नो व्हेअर ही'ज गोइंग'.

'हू ब्रोक द ग्लास?' पोटात गेल्यावर काहीच बदलत नाही. का?

कारण इथे प्रश्नशब्दच कर्ता आहे. सुट्या प्रश्नातही काही उलटलेलं नव्हतं, मग सरळ काय करणार? 'आय डोन्ट नो हू ब्रोक द ग्लास'. 'व्हॉट हॅपन्ड?' चं 'टेल मी व्हॉट हॅपन्ड'. 'व्हिच बस गोज टू दादर?' चं 'डू यू नो व्हिच बस गोज टू दादर?' नियम पाठ केलेला विद्यार्थी इथे ओढूनताणून 'टेल मी व्हॉट डिड हॅपन' करतो, तो चुकतो.

कर्ता ओळखायला मराठीतली विभक्ती उपयोगी पडते. 'कोणी', 'कोण', 'काय झालं', 'कुठली बस जाते' असे शब्द क्रियापदाचे कर्ते असतील तर हात लावू नका. 'कोणाला', 'कशाला', 'काय घेतलं' इथे कर्ता वेगळाच असतो, तो आधी आणा. 'हू डिड यू मीट?' म्हणजे 'तू कोणाला भेटलास?' कर्ता 'तू', म्हणून 'टेल मी हू यू मेट'. 'हू मेट यू?' म्हणजे 'तुला कोण भेटलं?' कर्ता 'कोण', म्हणून 'टेल मी हू मेट यू'. दोन्हींत शब्द तेच, अर्थ उलटा. इथे क्रम चुकला तर नुसतं व्याकरण बिघडत नाही, निरोपच चुकीचा जातो.

'हू इज' आणि 'व्हॉट इज' जरा घोळाचे आहेत. 'हू इज युवर टीचर?' चं 'हू युवर टीचर इज' करणं केव्हाही सुरक्षित. पण 'व्हॉट इज राँग?' मध्ये 'व्हॉट' हाच कर्ता आहे. 'टेल मी व्हॉट राँग इज' असं होऊच शकत नाही, 'टेल मी व्हॉट इज राँग' म्हणायचं. 'व्हॉट्स द मॅटर' हाही तसाच बांधीव तुकडा आहे आणि 'टेल मी व्हॉट्स द मॅटर' सर्रास चालतं.

'हाउ' आणि 'व्हॉट' यांच्यामागचे शब्द कुठे ठेवायचे?

जिथे होते तिथेच. 'हाउ ओल्ड', 'हाउ मच', 'हाउ फार', 'हाउ मेनी पीपल', 'व्हॉट टाइम', 'व्हॉट काइंड ऑफ वर्क', 'व्हिच फ्लोअर', 'हूज बॅग' हे एकेक जोडगोळं आहेत, ते फोडायचे नाहीत. 'डू यू नो हाउ फार इट इज?' बरोबर, 'डू यू नो हाउ इट इज फार?' चूक. 'आय वंडर हूज बॅग धिस इज' बरोबर.

वाक्याच्या शेवटचं शब्दयोगी अव्ययही शेवटीच राहतं: 'हू आर यू वेटिंग फॉर?' चं 'टेल मी हू यू आर वेटिंग फॉर'.

हो-नाहीच्या प्रश्नात प्रश्नशब्दच नसतो. तिथे काय करायचं?

'इफ' किंवा 'व्हेदर' आणायचा, पुढे पुन्हा विधानाचाच क्रम. 'इज द शॉप ओपन?' चं 'आय डोन्ट नो इफ द शॉप इज ओपन'. 'डिड ही पे?' चं 'आस्क हिम व्हेदर ही पेड'. मराठीतलं 'दुकान उघडं आहे का ते माहीत नाही' मधलं 'का', किंवा 'आहे की नाही' मधलं 'की नाही', ते काम हे शब्द करतात. मराठीत ते मागे येतात, इंग्रजीत पुढे.

पोटात गेल्यावर क्रम सरळ का होतो, याचं व्याकरणकारांनी दिलेलं एक स्पष्टीकरणही इथे बसतं. सुट्या प्रश्नात कर्त्याच्या आधी एक मोकळी जागा असते, सहायक क्रियापद उडी मारून तिथे बसतं. पोटवाक्यात ती जागा 'इफ'-'व्हेदर'सारख्या जोडशब्दासाठी राखीव असते. उडी मारायला जागाच उरत नाही.

दोघांपैकी कोणता वापरायचा? बोलताना बहुतेक ठिकाणी कोणताही चालतो. 'व्हेदर'च लागतो अशा जागा चार: शब्दयोगी अव्ययानंतर, जसं 'वी टॉक्ड अबाउट व्हेदर वी शुड सेल', 'टू' असलेल्या क्रियापदाआधी, जसं 'आय कान्ट डिसाइड व्हेदर टू गो', लगेच 'ऑर नॉट' येत असेल तर, 'व्हेदर ऑर नॉट ही ॲग्रीज', आणि पोटवाक्यच कर्ता म्हणून आरंभी आलं तर, 'व्हेदर ही कम्स इज नॉट माय प्रॉब्लेम'. 'इफ'बरोबर 'ऑर नॉट' हवंच असेल तर ते वाक्याच्या शेवटी टाका.

कामाच्या ईमेलमध्ये आम्ही 'व्हेदर'च सुचवू. 'लेट मी नो इफ यू आर कमिंग' याचे दोन अर्थ निघतात: 'येणार की नाही ते कळवा' आणि 'येणार असाल तरच कळवा'. दुसरा अर्थ घेणारा माणूस येणार नसेल तर उत्तर पाठवतच नाही आणि तुम्ही वाट बघत बसता.

'आय डोन्ट नो दॅट व्हेअर ही इज' चालेल का?

नाही. हे मराठीच्या 'की'चं भाषांतर आहे: 'मला माहीत नाही की तो कुठे आहे'. इंग्रजीत प्रश्नशब्द स्वतःच जोडशब्दाचं काम करतो, त्याच्या आधी 'दॅट' लागत नाही. 'ही आस्क्ड मी दॅट इफ' हीदेखील तीच चूक.

'व्हेन'च्या पुढे 'विल' येत नाही असं शिकवलं होतं. मग 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' बरोबर कसं?

इथे मराठीची बाजू इंग्रजीपेक्षा भक्कम आहे. इंग्रजीत 'व्हेन' एकच, मराठीत 'कधी' आणि 'जेव्हा' वेगळे. 'तो कधी येईल ते माहीत नाही' हा पोटातला प्रश्न, तिथे 'विल' चालतो: 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम'. 'तो जेव्हा येईल तेव्हा सांगेन' यात प्रश्न नाही, वेळ सांगणारं वाक्य आहे. तिथे वर्तमानकाळ: 'आय विल टेल यू व्हेन ही कम्स'.

'इफ'चंही असंच. 'पाऊस पडेल का ते माहीत नाही': 'आय डोन्ट नो इफ इट विल रेन'. 'जर पाऊस पडला तर सामना होणार नाही': 'इफ इट रेन्स, देअर विल बी नो मॅच'. कधी की जेव्हा, का की जर, एवढं मनात तपासलं की इंग्रजी काळ आपोआप ठरतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याकडे ही सोय नाही.

'डू यू थिंक' असलं की प्रश्नशब्द कुठे जातो?

सगळ्यात पुढे. दोन वाक्यं शेजारी ठेवू:

तो कुठे राहतो हे तुला माहीत आहे का? → डू यू नो व्हेअर ही लिव्हज?
तुला काय वाटतं, तो कुठे राहतो? → व्हेअर डू यू थिंक ही लिव्हज?

पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही. दुसऱ्याचं उत्तर एखादं ठिकाण; तिथे 'येस' म्हणून भागत नाही. उत्तरात 'हो-नाही' अपेक्षित असेल तर प्रश्नशब्द आत राहतो, माहिती अपेक्षित असेल तर वाक्याच्या आरंभी येतो. 'थिंक', 'सपोझ', 'बिलीव्ह' ही या दुसऱ्या गटातली क्रियापदं.

मराठी तोंडून इथे तीन चुकीची रूपं येतात. 'व्हॉट डू यू थिंक व्हेअर ही लिव्हज?' यात मराठीचं 'काय वाटतं' जसंच्या तसं आलं. 'डू यू थिंक व्हेअर ही लिव्हज?' यात 'नो'चा साचा 'थिंक'ला लावला. 'व्हेअर डू यू थिंक डझ ही लिव्ह?' यात एकाच वाक्यात दोनदा उलटापालट केली. उलटापालट एकदाच, 'डू यू' इथे झाली. 'ही लिव्हज' सरळच. प्रश्नशब्द कर्ता असेल तर 'हू डू यू थिंक ब्रोक द ग्लास?' असं होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण बरोबर आहे.

परीक्षेतल्या 'डायरेक्ट-इनडायरेक्ट'मध्ये क्रमाशिवाय आणखी काय बदलायचं?

मराठीत आपण ''तू कुठे राहतोस' असं तिनं मला विचारलं' म्हणतो. बोलणाऱ्याचे शब्द, त्यातला 'तू' आणि काळ, काही बदलत नाही. इंग्रजीत तिन्ही बदलतात: 'शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड'. 'सेड टू' असेल तर प्रश्नात त्याचं 'आस्क्ड' होतं. अवतरणचिन्हं आणि प्रश्नचिन्ह जातात. मग काळ एक पायरी मागे: 'आर'चं 'वेअर', 'विल'चं 'वुड', 'कॅन'चं 'कुड', 'डिड गो'चं 'हॅड गॉन'. 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे', 'हिअर'चं 'देअर'.

'व्हेअर डिड यू गो यस्टर्डे?' ही सेड टू हर. → ही आस्क्ड हर व्हेअर शी हॅड गॉन द प्रीव्हियस डे.
'आर यू कमिंग विथ मी?' शी सेड टू हिम. → शी आस्क्ड हिम इफ ही वॉज कमिंग विथ हर.

'सेज' किंवा 'आस्क्स' असा वर्तमानकाळ बाहेर असेल तर आतला काळ हलत नाही. बोलताना, गोष्ट अजूनही खरी असेल तर 'शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह' हे चालून जातं. उत्तरपत्रिकेत तो धोका पत्करू नका.

प्रश्नचिन्ह द्यायचं की पूर्णविराम?

बाहेरचं वाक्य बघा. 'कुड यू टेल मी व्हेअर ही इज?' यात बाहेरचं वाक्य प्रश्न आहे, प्रश्नचिन्ह द्या. 'आय वंडर व्हेअर ही इज.' हे विधान आहे, पूर्णविराम द्या.

'हाउ टू अप्लाय?' असं विचारलं तर काय बिघडतं?

मथळा म्हणून 'हाउ टू अप्लाय' ठीक आहे, प्रश्नचिन्हाशिवाय. पोटवाक्य म्हणूनही ठीक: 'आय डोन्ट नो हाउ टू अप्लाय'. यात कर्ता नसल्यामुळे क्रमाची कटकटच मिटते आणि घाईच्या वेळी ही पळवाट फार कामाची: 'टेल मी व्हेअर टू साइन', 'आस्क हिम व्हॉट टू ब्रिंग'. 'व्हाय'बरोबर मात्र ती चालत नाही.

पण समोरच्याला सुटा प्रश्न विचारायचा असेल तर कर्ता लागतो. 'सर, हाउ टू ओपन धिस फाइल?' हे मराठीच्या 'ही फाइल कशी उघडायची?' चं रूप. इंग्रजीत 'हाउ डू आय ओपन धिस फाइल?'

अर्जात आणि ईमेलमध्ये ही चूक कुठे सापडते?

'प्लीज', 'काइंडली' आणि 'आय वुड लाइक टू नो' यांच्या पुढे. नेहमीची वाक्यं अशी:

'काइंडली इन्फॉर्म मी व्हेन विल द रिझल्ट बी डिक्लेअर्ड.' हवं ते: 'व्हेन द रिझल्ट विल बी डिक्लेअर्ड'.
'आय वुड लाइक टू नो इज द पोस्ट स्टिल व्हेकंट.' हवं ते: 'व्हेदर द पोस्ट इज स्टिल व्हेकंट'.
'प्लीज टेल व्हॉट आर द डॉक्युमेंट्स रिक्वायर्ड.' हवं ते: 'प्लीज टेल मी व्हॉट डॉक्युमेंट्स आर रिक्वायर्ड'. इथे क्रमाशिवाय 'मी'ही राहून गेला होता. 'टेल'ला कुणाला सांगायचं ते लागतं.

बँकेत, दवाखान्यात, मुलाखतीत सुट्या प्रश्नापेक्षा पोटातला प्रश्न मऊ ठरतो. 'व्हेअर इज द मॅनेजर?' मध्ये जाब विचारल्यासारखा सूर येतो, 'कुड यू टेल मी व्हेअर द मॅनेजर इज?' मध्ये नाही. मराठीत हे काम 'जरा', 'सांगता का' आणि आदरार्थी 'तुम्ही' करतात. इंग्रजीत 'यू' एकच असल्यानं नम्रता वाक्यरचनेतून आणावी लागते.

इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही कधी कधी उलटा क्रम वापरतात. मग आम्हालाच नियम का?

वापरतात, हे खरं. आयर्लंडच्या बोलीत 'आय आस्क्ड हिम वॉज ही कमिंग' सर्रास ऐकू येतं, 'इफ' न घालता. भारतीय इंग्रजीचं वर्णन करणारे अभ्यासकही 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' या रचनेची नोंद तिचं एक वैशिष्ट्य म्हणून करतात. म्हणजे ही रचना न समजण्याजोगी नाही आणि घरगुती बोलण्यात कुणी टोकेल असंही नाही. प्रमाण लेखी इंग्रजीत मात्र ती चूकच धरतात. परीक्षक आणि मुलाखत घेणारे तिथे बोट ठेवतात.

आणखी एक रचना उलटी दिसते, पण चूक नसते: 'द क्वेश्चन इज, हू विल पे?' किंवा 'व्हॉट शुड आय डू, ही वंडर्ड'. स्वल्पविरामाच्या पलीकडचा प्रश्न इथे पोटात गेलेलाच नाही. तो सुटाच आहे, नुसता शेजारी उभा केला आहे. बोलताना त्या जागी थांबतात, त्यावरून ओळखा.

जर्मन शिकताना हा नियम उपयोगी पडेल का?

अर्धा. जर्मनमध्येही पोटातल्या प्रश्नात क्रम बदलतो, पण क्रियापद थेट शेवटी जातं: 'वो वोन्ट एअर?' चं 'इष वाइस निष्ट, वो एअर वोन्ट'. क्रियापद शेवटी ठेवायची सवय मराठी माणसाला जन्मापासून असल्यामुळे तिथे उलट आपली सोयच होते.

सराव कसा करायचा?

लिहून नको, बोलून करा. दिवसभरात सुचलेले पाच मराठी प्रश्न घ्या. प्रत्येकाचं आधी सुटं इंग्रजी रूप म्हणा, मग साधं विधान, मग 'आय वंडर' लावून पोटातलं. मधली पायरी गाळू नका: 'व्हेअर डिड आय कीप द कीज?', 'आय केप्ट द कीज', 'आय वंडर व्हेअर आय केप्ट द कीज'. तीनचार आठवड्यांनी ती पायरी आपोआप गळून पडते.

हात साफ करायला सात प्रश्न. 'आय डोन्ट नो' लावून बदला:

१. व्हॉट डझ धिस वर्ड मीन?
२. हू टुक माय अम्ब्रेला?
३. व्हाय डिडन्ट द बस स्टॉप?
४. हाउ मच डझ अ न्यू टायर कॉस्ट?
५. हॅज द मीटिंग स्टार्टेड?
६. हूज शूज आर दीज?
७. हू टोल्ड हर व्हेअर वी लिव्ह?

उत्तरं: १. व्हॉट धिस वर्ड मीन्स. २. हू टुक माय अम्ब्रेला. कर्ता 'हू' आहे, बदल नाही. ३. व्हाय द बस डिडन्ट स्टॉप. ४. हाउ मच अ न्यू टायर कॉस्ट्स. ५. व्हेदर द मीटिंग हॅज स्टार्टेड. ६. हूज शूज दीज आर. ७. हू टोल्ड हर व्हेअर वी लिव्ह. बाहेरच्या प्रश्नात कर्ता 'हू' आणि आतला प्रश्न आधीच पोटात असल्यामुळे सरळ, म्हणून एकही शब्द हलत नाही. सातव्यात तुम्ही काही बदललं असेल, तर 'हू ब्रोक द ग्लास?' हा प्रश्न पुन्हा वाचा.